सोयाबीनचा सहावा दाणा

सुधाकर, तुझ्या जाण्यानं जिल्ह्याच्या क्रीडाविश्वात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे.

हे वाक्य माझं नाही. परवा शाळेसमोर तुझी शोकसभा झाली, तिथल्या प्रमुख वक्त्यांचं आहे. म्हणताना त्यांनी एक हात आभाळाकडे नेला होता. हे गृहस्थ मागे आपल्या स्पर्धेच्या उद्घाटनाला आले होते, तेव्हा त्यांनी फुटबॉल दोन्ही हातांत धरून शेजारच्याला हळूच विचारलं होतं, की हा टाकायचा कुणीकडे. तू जवळच उभा होतास. "साहेब, पायानं ढकला. कुठंई जाऊ द्या," म्हणालास. साहेबांनी ढकलला, फोटो निघाला, चेंडू व्यासपीठाखाली गेला आणि तो बांबूनं ओढून काढेपर्यंत सामना खोळंबला. आता पोकळीचं म्हणशील, तर रविवारी मैदानावर तुझ्या जागेवर दोन माणसं बसली होती. तू जरा पसरूनच बसायचास.

बाकी तुझी माहिती सगळी फ्लेक्सवर आली आहे. जन्म, एसटीतली नोकरी, मागे कोण कोण आहे, सगळं. फोटो तेवढा तुझ्या जुन्या ओळखपत्रावरचा मोठा करून लावलाय. त्यामुळे तिकीट न काढलेल्या प्रवाशाकडे पाहावं, तसा तू स्टँडवरून अख्ख्या मेडशीकडे पाहतो आहेस. मी रोज तिथून जातो आणि रोज मला वाटतं, की हा माझ्याकडेच पाहतोय.

त्याला कारण आहे. तुला एक गोष्ट सांगायची चार वर्षं राहिली. रोशन रिसोडला गेला, त्या मतदानाची. आता तू मधेच बोलू शकत नाहीस, म्हणून सांगून टाकतो. पण ज्यांना काहीच ठाऊक नाही असेही लोक हे वाचतील, तेव्हा थोडं मागून सुरू करतो. तुला ऐकलेलं पुन्हा ऐकावं लागेल. तू मला तेच किस्से किती वेळा ऐकवलेस ते आठव आणि गप्प बस.

मेडशीत फुटबॉल का, असं बाहेरचे विचारतात. उत्तर तूच द्यायचास: क्रिकेटचा चेंडू तुरीत गेला की सापडत नाही, फुटबॉल दिसतो. शाळेमागच्या मैदानाला तीन बाजूंनी शेतं असल्यावर याहून शास्त्रीय कारण लागत नाही. सोयाबीन निघालं आणि तूर अजून उभी आहे, त्या मधल्या मोकळ्या दिवसांत गावोगावी स्पर्धा होतात. आपल्या गोलाला बांबू होते, जाळी नव्हती. त्यामुळे चेंडू बांबूच्या आतून गेला की बाहेरून, हे ठरवायला सामन्यापेक्षा जास्त वेळ लागायचा आणि लोक सामन्यापेक्षा त्याच भागाला जास्त जमायचे.

तू कंडक्टर म्हणून निवृत्त झालास, पण गाडी मागे घेताना वाजवायची शिट्टी काही तू परत केली नाहीस. सामना रंगला की ती तुझ्या तोंडात आपोआप जायची. तू वाजवलीस की दोन्हीकडचे खेळाडू थांबायचे. रेफ्रीनं तीनदा तुला मैदानाबाहेर काढलं. तिन्ही वेळा तू शेतातून फिरून तुरीच्या बाजूनं परत आलास.

आणि आपली कमिटी. तिला नाव नव्हतं आणि तिची निवडणूक कधी झाली नाही. स्टँडवर दत्ताच्या चहाच्या दुकानासमोर दोन लांब बाकडी आहेत, त्यांवर जे रोज बसायचे ती कमिटी. अकराच माणसं घ्यायची हा तुझा नियम. "खेळनारे अकरा, तं पाह्यनारेई अकरा पायजे. न्याव बराबर होते." गावातला खेळाडू दुसऱ्या गावाकडून खेळणार असेल, तर त्यानं बाकड्यासमोर येऊन विचारायचं, अशी रीत पडली. का पडली ते कुणाला ठाऊक नव्हतं. मोडायची हिंमत मात्र कुणी केली नव्हती.

रोशनला तर आपण लहानपणापासून पाहिलेलं. डाव्या पायाचा. चेंडू त्याच्या पायाशी असला की तो पळतोय असं वाटायचंच नाही. समोरचेच उगाच इकडेतिकडे जाताहेत असं वाटायचं. त्याचे पहिले बूट तू अकोल्याहून आणलेस. एक नंबर मोठे आणलेस आणि "पाय वाढन की," म्हणालास. पाय वाढला. तोवर त्यानं पुढे कापूस कोंबून गोल मारले.

चार वर्षांपूर्वी रोशन रिसोडच्या बाजारात एका अडत दुकानात कामाला लागला. सकाळच्या बसनं जायचा, संध्याकाळच्या बसनं यायचा. तिथल्या संघवाल्यांनी त्याला पाहिलं आणि त्यांचा निरोप आला: रोशन आम्हाला द्या, आम्ही आमचा गोलकीपर सलीम देतो आणि वर गोलाच्या दोन जाळ्या.

त्यानंतर पंधरा दिवस बाकड्यावर दुसरा विषय निघाला नाही. सोयाबीनचा भावसुद्धा नाही, यावरून काय ते समज.

देण्याच्या बाजूचा पुढारी बबन टेलर. संघाचे टी-शर्ट त्यानंच शिवलेले, आणि एवढे ढगळ शिवलेले, की वारा आला की आपले पोट्टे जागच्या जागी पळायचे.

"देऊन टाका," बबन म्हणाला. "आपला कीपर काय करते? चेंडू आला का बाजूले सरकते. रस्त्यानं ट्रक आल्यावानी."

"मंग काय ट्रकाले आडवा होईन?" तू.

"सुधाकरभाऊ, कीपरचं कामच ते हाय."

"अन् गोल कोन मारन? तू मारशीन? टेप घेऊन?"

"जाळी भेटून राह्यली ना, भाऊ. आतून गेला का बाहेरून गेला, हे भांडनच मिटते कायमचं."

"भांडन मिटलं तं आपन इथं बसून बोलाचं कायच्यावर?"

तरी बबननं रेटलं. मोठमोठे क्लब खेळाडू देतात घेतात, टीव्हीवर दाखवतात, त्यात काय एवढं. तू चहाचा ग्लास खाली ठेवलास. "मानूस हाय तो, बबन. एक्स्चेंज ऑफरमंधला मिक्सर नाई."

तेव्हा दत्ता भट्टीजवळून म्हणाला, "म्या म्हनतो, त्या रोशनलेच इचारा ना कोनी."

"इचारत असतेत का?" तू त्याच्याकडे वळलास. "माह्यी बदली केली तवा मले कोनं इचारलं होतं?"

तू परजिल्ह्यातल्या डेपोत अकरा वर्षं काढलीस, तुझ्या मुलींनी तुला दिवाळीतच पाहिलं, हे सगळ्यांना माहीत होतं. तू पुन्हा ग्लास उचललास आणि म्हणालास, "म्हूनच सांगतो. पाठवू नोका कोनाले."

खरं सांगू, तुझा एवढा एकच मुद्दा मला पटला होता. आणि तोच चुकीच्या बाजूला लावलेला होता; ठेवून घेतानाही रोशनला कुणी विचारलं नव्हतं.

तरी मी तुझ्या बाजूनं बोललो. नुसता बोललो नाही, भाषण केलं. माती, नाळ, गावाचं ऋण, सगळं आणलं. मास्तरकी केलेल्या माणसाला उभं राहून बोलायला दिलं की असंच होतं. मीही एक हात आभाळाकडे नेला असावा, कारण तू माझी बाही ओढून मला खाली बसवलंस आणि बाकड्यावरच्या सगळ्यांना म्हणालास, "झालं. आता कोनाले काई बोलाचं ठेवलं नाई मास्तरनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दाढी करत होतो, तेव्हा रोशन आला. माझा विद्यार्थी. पूर्ण वर्गात एकट्याचाच धडा पाठ नसला, तर जसा उभा राहायचा तसा उभा.

"सर, काल लय भारी बोलले म्हनतेत तुमी."

"हं. तुझं काय?"

"मले जाचं हाय, सर."

माझ्या गालाला ब्लेड लागलं. "मग सुधाकरला सांग."

"काकाले कसं सांगू? त्यायनं बूट आनून देल्ले." त्यानं आरशातल्या माझ्याकडे पाहिलं. "सर, इथं म्या पास देतो अन् मंग पाहात राह्यतो, का कोन येते घ्याले. कोनी येत नाई. थो चेंडू तुरीत जाते. रिसोडले रोज प्रॅक्टिस राह्यते. तिथं कोनी ना कोनी असते."

बास, एवढंच बोलून तो बस पकडायला गेला. मी अर्ध्या दाढीनं बसून राहिलो. त्याच्या भल्यासाठी मी मत बदललं, असं लिहिलं तर ते छान दिसेल, आणि बरंचसं खरंही आहे. पण तुझ्याशी आता खोटं बोलण्यात मजा नाही. मला जाळीही हवी होती. बांबूच्या आतून की बाहेरून, या वादात मी तीस वर्षं घालवली होती आणि एकदाही जिंकलो नव्हतो.

रविवारी मतदान. हात वर करून घेता येईना, कारण बाकड्यावर रोशनचा चुलताही होता; तो बिचारा अवघडला असता. चिठ्ठ्या टाकता येईनात, कारण गावातल्या निम्म्या लोकांचं अक्षर मीच वळवलेलं. कुणाची वेलांटी कशी ते मला पाठ. शेवटी दाण्यांवर ठरलं. दत्ताच्या दुकानातला बिस्किटांचा रिकामा डबा. प्रत्येकाच्या हाती एक दाणा सोयाबीन, एक दाणा तूर. जाऊ द्यायचं असेल तर सोयाबीन टाका, ठेवायचं असेल तर तूर. मूठ डब्यात घालायची आणि एकच सोडायचा. कुणाचाही दुसऱ्याला सुगावा लागणार नाही, अशी ती पद्धत. तुझीच कल्पना, आणि तुला तिचा अभिमान होता.

तुझा हिशेब पक्का होता. बबनचे पाच, आपले सहा. आपल्या सहांत तू, मी, रोशनचा चुलता, आणखी दोघे आणि दत्ता. दत्तानं तुला शब्द दिला होता. दत्ता सगळ्यांनाच शब्द द्यायचा, ती गोष्ट निराळी.

डबा ताटात उपडा केला. सोयाबीन सहा. तूर पाच.

तू ते दाणे तीनदा वेगळे केलेस. मग तुझ्या डोळ्यांत ती चमक आली, जी भरल्या गाडीत तिकीट चुकवणारा हेरला की यायची. कुणाच्याच ध्यानात जे आलं नव्हतं, ते तुझ्या आलं. एवढी गुप्त पद्धत काढली, आणि उरलेला दाणा टाकून द्या असं कुणाला सांगितलंच नव्हतं. पुरावा प्रत्येकाच्या मुठीत होता.

"थांबा," तू म्हणालास. "कोनी हालाचं नाई. ज्याच्या हाती तूर उरली, त्यानं सोयाबीन टाकलं. मुठी उघडा."

बबनच्या पाचांनी ऐटीत उघडल्या, पाच तुरी. त्यांना लपवायचं काहीच नव्हतं. तुझ्या हातात सोयाबीन. रोशनच्या चुलत्याच्या हातात सोयाबीन. दुसऱ्या दोघांच्याही. राहिलो मी आणि दत्ता.

माझा दाणा माझ्या तोंडात होता.

तू 'थांबा' म्हणालास त्याच क्षणी तो तिथे गेला. विचार करून नव्हे. वर्गात चिठ्ठी पकडली जाताना पोरं गिळतात, हे मी जन्मभर पाहिलं होतं. त्या वेळी मला पहिल्यांदा त्यांच्याबद्दल आदर वाटला. कच्ची तूर दाताखाली फुटत नाही, सुधाकर. ती टणक असते आणि फुटली की तिचा आवाज कानात होतो.

"तुहा दाना?" तू मला विचारलंस.

"खाल्ला."

"कोनता?"

"सोयाबीन."

तू माझ्याकडे पाहिलंस आणि हसलास. "कच्चं सोयाबीन खाते का बे कोनी? पोट दुखन ना." बस्स. तुझी चौकशी संपली. पन्नास वर्षांच्या दोस्तीत तू मला एवढ्या लवकर कधीच सोडलं नव्हतंस.

मग तू दत्ताकडे वळलास. त्याचे हात रिकामे. "दूध उतू जाऊन राह्यलं होतं, भाऊ," तो म्हणाला. "धावत गेलो. पडला असन कुठंतरी." तू खाली पाहिलंस. दत्ताच्या भट्टीखाली काय नव्हतं? शेंगांची टरफलं, बिस्किटांचा चुरा, माचिसच्या काड्या. दाणा काही सापडला नाही.

रोशन गेला. सलीम आला. जाळ्या आल्या, त्यातली एक व्हॉलीबॉलची निघाली, ती आपण खाली सुतळी बांधून वाढवली.

आणि सोमवारी तू घरून थर्मास घेऊन आलास.

बाकड्यावर तू दत्ताच्याच बसायचास, त्याच्याच दुकानातलं वर्तमानपत्र वाचायचास, पण चहा शोभावहिनींनी करून दिलेला, थर्मासमधला. दत्ताला तोंडावर तू एका शब्दानं दोष दिला नाहीस. पुराव्याशिवाय कुणाला चोर म्हणायचं नाही, हा तुझा नोकरीतला नियम. तू फक्त टोपण उघडायचास, आणि ते उघडताना त्याच्याकडे पाहायचास. वर मला अर्धा कप द्यायचास. "घे मास्तर. तू तं माहा मानूस."

तो चहा मी चार वर्षं प्यालो.

मधे सांगायची वेळ आली नव्हती असं नाही. इंझोरीच्या स्पर्धेत आपली गाठ रिसोडशी पडली ते आठवतं? मला त्या सामन्यासाठी तुझे आभार मानायचेत. रोशनला मध्यावर चेंडू मिळाला. त्यानं पास दिला, पुढे धावला, आणि पास त्याला परत मिळाला. एवढंच. घेणारा होता तिथं. मग समोर सलीम एकटा. सलीम ट्रकाला आडवा होणाऱ्यांतला, तो झेपावलाही, पण चेंडू त्याच्या हाताखालून जाळीत गेला. आतून की बाहेरून, कुणी विचारलं नाही.

तू उठून उभा राहिलास आणि जिवाच्या आकांतानं शिट्टी वाजवलीस. सामना संपला असं समजून दोन्ही संघ पाणी प्यायला निघाले. रेफ्री तुझ्या दिशेनं धावत येत होता आणि तू मला गदागदा हलवत होतास.

"मास्तर, आपल्या पोट्ट्यानं मारला!"

"आपल्यावरच मारला."

"हो ना बे! पन कसा मारला!"

मी तुला इतका खूश कधी पाहिलं नव्हतं, आणि आपण हरत होतो. सामना झाल्यावर रोशन आधी तुझ्याकडे आला, पाया पडला. तू त्याची पाठ थोपटलीस आणि म्हणालास, "थोडा हळू माराचा होता. सलीम नवा हाय." मग सलीमला हाताला धरून घरी जेवायला नेलंस, आणि दर घासाला त्याला सांगितलंस, की तो गोल कुणालाच अडवता आला नसता.

जेवायच्या आधी, इंझोरीच्या मैदानाच्या कडेला, मी ठरवलं होतं. म्हटलं, आता हा इतका खूश आहे तर सांगून टाकावं: हे जे तू पाहिलंस, ते माझ्या दाण्यामुळं पाहिलंस. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात तू थर्मासचं टोपण फिरवलंस आणि उसासा टाकलास. "दत्त्यानं गद्दारी केली नसती, तं हा गोल आपला असता."

मी कप पुढे केला.

मग तुझं आजारपण, आणि अकोल्याचा दवाखाना. शेवटच्या भेटीत तुझा आवाज बारीक झाला होता, पण विषय तोच. "मास्तर, तुले मनापासून काय वाटते? थो सहावा कोन असन?"

मी खुर्ची जवळ ओढली. "सुधाकर, ऐक. तो दाणा..."

तू हात वर केलास. भर गर्दीत मागच्यांना 'सरका' म्हणताना करायचास तसा. "राहू दे. नाव समजलं तं मंग म्या इथं पडून इचार कायचा करू?"

एवढं म्हणून तू डोळे मिटलेस. झोपलास, की तुला ऐकायचं नव्हतं, की तुला ठाऊक होतं, यावर मी खूप डोकं चालवलं. मग सोडून दिलं. तू गेल्यावरही वादात तुझंच पारडं जड राहावं, अशी व्यवस्था तू करून ठेवली आहेस, एवढंच मला त्यातून समजलं.

तुला नेताना पुढून रोशनचा खांदा होता, मागून सलीमचा. रोशन पहिल्या जीपनं रिसोडहून आला होता. रोशन सलीमपेक्षा वीतभर बुटका, त्यामुळे तू सगळी वाट थोडा रिसोडच्या बाजूला कललेला होतास. बबननं ते पाहिलं आणि मला कोपरानं ढोसलं. आम्ही दोघंही त्या वेळी हसलो, ते तू पाहिलं असशील तर माफ कर. नसशील तर सांगतो, की खूप बरं वाटलं.

तुझ्या घरी बसायला जातो. शोभावहिनी बऱ्या आहेत. परवा त्यांनी विचारलं, "तुमी दोघं त्या बाकड्यावर रोज एवढं काय बोलत होते?"

"रोशनला द्यायला हवा होता की नको, ते."

"चार वर्सं?"

"हो."

"आमचं लगन चार दिवसांत ठरलं होतं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. हसत होत्या असं वाटलं. फ्लेक्सवरच्या तुझ्या चेहऱ्याकडे रोज पाहणाऱ्या माणसाला हसू एवढं तरी ओळखता येतं.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी दत्ताकडे गेलो. तुला सांगता आलं नाही, निदान ज्याच्या माथी मारलं त्याला तरी सांगावं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी विसरलो.

"दत्ता, तो सहावा दाणा माझा होता."

"कोनता दाना?"

मी सगळं सांगितलं. डबा, मुठी, कच्ची तूर, थर्मास. तो ग्लास विसळायचा थांबला होता.

"म्हंजे भाऊ माह्यावर डाऊट खात होते?"

"हो. चार वर्षं. माझ्यामुळे."

"अन् त्याच्यापाई थर्मास आने?"

"त्याच्यामुळेच."

"माह्या चाच्यापाई नाई?"

"चहाचा काय संबंध?"

दत्ता स्टुलावर बसला. "मास्तर, मले वाटलं, माहा चा पांचट हाय म्हून भाऊ घरून आनते. म्या चार वर्सं अद्रक वाढोत गेलो ना. पत्ती बदलोली. दूध बदलोलं. म्हनलं, एक ना एक दिवस तं पिऊन पाह्यतीन."

मला हसावं की काय करावं ते समजेना. स्टँडवरचे ड्रायव्हर चार वर्षांपासून दत्ताच्या चहासाठी मेडशीला गाडी जरा जास्त थांबवतात, मालेगावहून माणसं मुद्दाम येतात. त्याचं कारण मी तोंडात धरून बसलो होतो, आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती.

"मला माफ कर," मी म्हणालो.

"कायची माफी? पेले ना ते."

"कोण?"

"भाऊ. अकोल्याले नेलं त्या दिवशी. गाडी इथं थांबवाले लावली. अंदर बसल्या बसल्या म्हने, दत्त्या, दे एक. अर्धा ग्लास पेले."

सुधाकर, हे तू मला दवाखान्यात सांगितलं नाहीस. तू त्याला माफ केलंस, की त्याच्यावरचा संशय फिटला होता, आणि फिटला असेल तर मग उरलो मी एकटाच. हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. दत्ताच्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं. तो ग्लास पुसत होता.

"काही म्हणाला का?" मी विचारलं. "चहा पिताना. माझ्याबद्दल, दाण्याबद्दल, काहीही?"

दत्तानं आठवून पाहिलं.

"म्हने, अद्रक लय झालं."

आजपासून दत्तानं आलं कमी केलं आहे.